घर पाहावे राखून

(पेण येथे, पेण व रोहा या दोन गावांतील घरमालक, भाडेकरू व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्यात म्हण आहे. या दोन्ही कामांत माणसाची कसोटी लागते हे खरे. परंतु म्हण करणाऱ्याची एक गोष्ट सांगावयाची राहून गेली. घर बांधणे अवघड आहेच, पण बापजाद्यांनी बांधलेले घर राखणे त्याहून अवघड आहे. बांधणाऱ्याला लोक शाबासकी देतात, वास्तुशांतीला जेवावयास येतात. राखणाऱ्याला कोणी विचारीत नाही. दरसाल वैशाखात शिडी लावून जो मनुष्य कौले चाळतो, त्याचे नाव कोणत्याही पाटीवर कोरलेले मी पाहिले नाही. आज त्या माणसाच्या बाजूने मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

पेण आणि रोहा ही काही कालपरवा वसलेली गावे नव्हत. इकडे भोगावती, तिकडे कुंडलिका. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला घाट. मीठ, भात आणि लाकूड यांच्या व्यापारावर ही गावे वाढली. कासार आळी, कुंभार आळी अशी धंद्यांची नावे ज्या गावात आळ्यांना पडली, त्या गावात हात राबविणाऱ्या माणसांचा इतिहास घरांच्या खांबांत आणि तुळयांत भरलेला असतो. आज त्याच आळ्यांतून चालत जा. एका घराची पडवी वाकली आहे, दुसऱ्याच्या माळ्यावर पिंपळ उगवला आहे, तिसऱ्याला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे. चौथे होते तेथे आता चार मजले उभे आहेत. हे बरे की वाईट, असा प्रश्न मला पुष्कळ मंडळी विचारतात. याचे उत्तर भावनेने देऊ नये; विचाराने द्यावे.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मी जुन्याचा आंधळा भक्त नाही. जुन्या घरांच्या ओट्यांनी माणसामाणसांत किती भेद केला, हे आपणांस ठाऊक आहे. कोणी ओटीवर बसावे, कोणी अंगणात उभे राहावे, कोणी वेशीबाहेरच थांबावे, असा सारा मनूचा कायदा त्या पायऱ्यांवर चालत असे. तेव्हा जुने ते सोने म्हणून डोळे मिटून ओवाळणी करा, असे मी कदापि सांगणार नाही. परंतु तो दोष पायरीवर बसणाऱ्याचा होता, पायरीच्या दगडाचा नव्हता. दगड पाथरवटाने घडविला, खांब सुताराने तासला, भिंत गवंड्याने रचली, कौल कुंभाराने भाजले. मालक कोणीही असो, घर आपल्याच लोकांच्या हातचे आहे. मग ते पडू लागले तर हळहळ आपल्यालाच वाटली पाहिजे.

आता ऐतिहासिक घर म्हणजे कोणते? आपली समजूत अशी करून दिली आहे की, जेथे पेशवे राहिले, सरदार राहिले, तेच ऐतिहासिक. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात बांधला गेला. १८२८ साली त्याला आग लागली आणि आतील लाकडी महाल जळून गेले. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती आहेत. त्याच पुण्यात गंज पेठेत एक साधे कौलारू घर आहे. ना त्याला बुरूज, ना नगारखाना. पण ते उभे आहे. ते घर महात्मा जोतीराव फुले यांचे. ज्या पेठेत ते आहे, त्या पेठेलाच आता महात्मा फुले पेठ म्हणतात.

या घरात काय झाले ते आपणांस नव्याने सांगावयास नको. याच घरच्या हौदाचे पाणी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले झाले. १८७३ साली ज्याने सत्यशोधक समाज स्थापन केला, तो पुरुष या ओसरीवर बसत होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी तो गेला. आपला देह मिठात घालून घराच्या आवारातच पुरावा अशी त्याची इच्छा होती. वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करून रक्षा तेथे ठेवण्यात आली. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. त्यानंतर या घराची परवड झाली. ते कुटुंबाच्या हातून गेले, मोडकळीस आले, आणि ज्या घराने साऱ्या महाराष्ट्राला वाट दाखविली त्या घराची वाट पुण्यातल्या पुष्कळांना ठाऊक नव्हती.

परंतु ते वाचले. पुढे लोकांनी आवाज उठविला, सरकारने ते संरक्षित स्मारक ठरविले, खांब सावरले, छप्पर नीट झाले. आज ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला तेथे माणसांची रीघ लागते. खेड्यापाड्यांतून आलेली बाई त्या ओसरीला हात लावते आणि लेकराला सांगते, हे आपल्या सावित्रीमाईचे घर. पुस्तकातले शंभर धडे एकीकडे आणि तो स्पर्श एकीकडे. घर राखण्याचा फायदा काय, असे विचारणाऱ्याला माझे हे पहिले उत्तर आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात आणून देतो. जोतीराव हे नुसते लेखणीचे धनी नव्हते. ते ठेकेदार होते. १८७० नंतरच्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचे सामान पुरविले. दगड काय, चुना काय, मजुराची हजेरी काय, हे त्यांना स्वतःच्या व्यवहाराने ठाऊक होते. आणि इंजिनियर खात्यातील डावपेचांवर त्यांनी पवाडाही रचला. म्हणून घराच्या दुरुस्तीचा हिशेब मांडणे हे हलके काम आहे, त्यापेक्षा स्मारकापुढे भाषण करणे थोर, असे कोणी समजू नये. जोतीरावांना हा हिशेब जास्त आवडला असता, असे मला वाटते.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. तेही पुण्यातलेच, गंज पेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावरचे. बुधवार पेठेतील भिडेवाडा. १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. भिडे जातीने ब्राह्मण; सारे गाव विरोधात असताना त्यांनी दार उघडले, हे आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. जो हात देतो त्याची जात आपण विचारीत नाही.

त्या वाड्याचे पुढे काय झाले? खाली दुकाने, वर पडझड. मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा. २००६ साली महापालिकेने तेथे राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरविले. मग कोर्ट सुरू झाले. दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालला. कोर्टात तारखा पडत होत्या आणि वाड्यावर पाऊस पडत होता. पाऊस काही तारीख घेऊन येत नाही. भाडेकरू म्हणत, आमच्या पोटाचे काय? त्यांचेही म्हणणे अगदी खोटे नव्हते. अखेर २०२३ साली उच्च न्यायालयाने व नंतर सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका रात्रीत तो मोडका वाडा पाडण्यात आला. आता त्या जागी स्मारकाची नवी इमारत व्हावयाची. ती भव्य होईल, सुंदर होईल. पण ज्या जिन्यावरून पहिली मुलगी पाटी घेऊन चढली तो जिना आता कोणालाही दाखविता येणार नाही.

या दोन घरांत फरक कोणता? दोन्ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या कार्याची. दोन्ही लाकूड, माती, विटांची. दोन्हींवर पुण्याचाच पाऊस. एकाला वेळेवर धनी मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. एवढाच फरक. आदर दोहोंनाही पुष्कळ होता. भिडेवाड्यापुढे हार घालणारे थोडे नव्हते. परंतु हार घातल्याने गळती थांबत नाही. आज मला आपणांस जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच: घर श्रद्धेने वाचत नाही, वेळेवर केलेल्या लहान दुरुस्तीने आणि मिटविलेल्या भांडणाने वाचते.

आता पुणे सोडून आपल्या आळीत येऊ. आपल्याकडे पाऊस शंभर इंचांच्या वर पडतो. घर मरते कसे ते पाहा. मे महिन्यात माकडाने उडी मारली, एक कौल फुटले. एका कौलाची ती काय किंमत! मालक मुंबईस, भाऊ म्हणतो पुढल्या साली पाहू. मृगाचा पाऊस त्या भोकातून रिपेवर पडतो. रीप कुजली की वरची चार कौले सरकतात. मग पाणी वाशावर येते, वाशावरून तुळईच्या टोकावर, म्हणजे जेथे तुळई भिंतीत गेली आहे तेथे. ती जागा कधी वाळतच नाही. ओल्या लाकडाला वाळवी लागते. तिसऱ्या वर्षी तुळई खाली बसते, माळा कलतो, भिंत बाहेर फुगते. पाचव्या वर्षी शेजारी अर्ज करतो की हे घर आमच्या अंगावर पडेल. एका कौलाने घर गेले! आणि लोक काय म्हणतात? घर जुने झाले होते. अहो, घर जुने झाले नव्हते, घर बेवारस झाले होते.

घर गळते हे सर्वांत आधी कोणाला कळते? घरातल्या बाईला. पहिले पातेले ती मांडते. म्हणून भगिनींनो, घराच्या दुरुस्तीची गोष्ट पुरुषांनी चावडीवर ठरवावयाची, ही चाल बंद करा. कोठे ओल येते, कोणता खांब पोकळ वाजतो, न्हाणीचे पाणी कोठे मुरते, याची माहिती आपल्यापाशी आहे. ती आधी विचारली पाहिजे.

मग दुरुस्ती करावी कशी? पहिल्याने रंग लावू नका. पुष्कळ मंडळी दर्शनी भिंत रंगवितात, नक्षीच्या खांबाला चकचकीत वार्निश देतात, आणि वर कौले तशीच फुटकी. हे म्हणजे पायाला गळू आणि डोक्याला फेटा! क्रम असा ठेवा. आधी छप्पर, मग पाणी, मग लाकूड, मग भिंत आणि सर्वांच्या शेवटी रंग.

छपराचे काम वैशाखात उरकावे. सगळी कौले उतरून साबूत व फुटकी वेगळी करावी. आपल्याकडील पुष्कळ जुन्या घरांवर मंगलोरी कौले आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेथून हा प्रकार साऱ्या किनाऱ्यावर पसरला. जुने चांगले भाजलेले कौल बोटाने वाजविले तर खणखणीत आवाज देते. असे कौल फेकून त्याच्या जागी पत्रा घालू नका. पत्र्याखाली उन्हाळ्यात घराची भट्टी होते आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही.

दुसरे पाणी. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर गेले पाहिजे. रस्ते वर्षानुवर्षे वर चढत गेले, त्यामुळे पुष्कळ घरांची जोती खाली गेली आहेत. गटाराचे पाणी ओटीला लागते. घराभोवती उताराचा नाला काढा. नगरपालिकेकडे आळीने मिळून मागणी करा. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, आळीचा जात नाही.

तिसरे लाकूड. खांब खाली कुजला म्हणजे सारा खांब गेला, असे नव्हे. बहुधा तळखड्याजवळचा हात-दीड हात भागच कुजलेला असतो. वरच्या तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापावा, त्याच जातीच्या मुरलेल्या लाकडाचा तुकडा सांधा करून बसवावा. जाणत्या सुताराचा सांधा जुन्या खांबाइतकाच भार घेतो. पण सुतार जाणता पाहिजे, आणि त्याला त्याची मजुरी पुरी दिली पाहिजे. हे मी मुद्दाम सांगतो. बापाच्या नावाची संगमरवरी पाटी बसविण्यास आपण घासाघीस करीत नाही. ज्याच्या हातावर घर उभे राहावयाचे त्या कारागिराशी मात्र दोन दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. मग त्याचा मुलगा पटाशी टाकून कारखान्यात जातो, आणि आपण म्हणतो, हल्ली जुने काम जाणणारे कोणी राहिले नाही. राहतील कसे?

चौथे भिंत. येथे सर्वांत अधिक नुकसान होते ते सिमेंटाच्या हौसेने. सिमेंट वाईट नाही. नव्या घराला ते योग्य आहे. परंतु माती-विटांची, चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते. खालची ओल वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाऱ्याला लागून सुकते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा मारला म्हणजे ओल आत कोंडली जाते. आपल्याकडे तर हवेत आणि जमिनीत खार. तो खार गिलाव्यामागे साठतो, फुगतो, आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलावा ढलप्यांनी पडतो. पडताना विटेचे तोंडही घेऊन जातो. भिंतीत गेलेले तुळईचे टोक आतल्या आत कुजते. म्हणून जुन्या भिंतीला चुनाच लावावा. चांगला भाजलेला कळीचा चुना आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवावा, त्यात वाळू व विटेची सुरखी मिसळावी, पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर ओला राखून सावकाश सुकू द्यावा. चुना घाईला बधत नाही. ज्याला गणपतीपूर्वी पंधरा दिवसांत सारे चकाचक हवे आहे, त्याने चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

याशिवाय विजेच्या तारा. लाकडी घरात उघड्या, जीर्ण तारा म्हणजे उशाशी ठेवलेला निखारा. शनिवारवाड्याची राख आठवा आणि तारा बदला.

इंग्लंडात १८७७ साली विल्यम मॉरिस नावाच्या गृहस्थाने जुन्या इमारती राखण्यासाठी एक संस्था काढली. त्या काळी तेथे जुनी मंदिरे खरवडून नवी कोरी करण्याची लाट आली होती. मॉरिस म्हणे, इमारतीची रोजची काळजी घ्या, गळती वेळीच बंद करा, म्हणजे पुढे मोठा जीर्णोद्धार करण्याची पाळीच येणार नाही. आपल्या आजीला हे मॉरिसशिवाय ठाऊक होते. पण आपल्या आजीचे आपण ऐकत नाही, म्हणून साहेबाचा दाखला द्यावा लागतो!

आता पैशाचे आणि कागदाचे बोलू. कारण घर कौलाने गळते त्याहून जास्त हिश्श्याने गळते. आजोबांच्या नावाची मिळकत पत्रिका, वारस कोणी ठाण्यास, कोणी बडोद्यास. प्रत्येकजण म्हणतो, माझा हिस्सा चौदावा, खर्च मी का करावा? आणि विक्रीची वेळ आली की तोच चौदावा हिस्सा पहिल्या गाडीने येतो. माझी सूचना अशी. पहिल्याने मिळकत पत्रिकेवर सर्व वारसांची नावे लावून घ्या. त्यांत मुलींची नावे लावा. २००५ साली कायदा दुरुस्त होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. बहिणीकडून हक्कसोडीवर सही घेऊन मग तिला ओवाळणी घालणे, ही भाऊबीज नव्हे. पुष्कळ घरी तर बहीणच घर राखावयास तयार असते आणि भाऊ विकावयास निघालेला असतो. नावे लागली की एकाला लेखी अधिकार द्या, आणि दरसाल प्रत्येकाने लहानशी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा. सारे घर एका वर्षात होत नाही. पहिल्या साली छप्पर, दुसऱ्या साली लाकूड, तिसऱ्या साली भिंती. कर्जाचा डोंगर न करता असेच होते.

भाडेकरूंना सांगतो, मालकाने घर मुद्दाम पडू देणे ही युक्ती ओळखा. कौले बदलावयाची नाहीत, तक्रार ऐकावयाची नाही, आणि मग घर धोकादायक झाले म्हणून सर्वांना बाहेर काढावयाचे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी सूचना देऊनही त्याने न केल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून ठराविक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करण्याची सोय त्यात आहे. तसेच १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली धोकादायक घराची नोटीस येते ती पाहून घाबरू नका. ती आधी नीट वाचा. घर पाडावे असाच हुकूम असतो असे नाही, दुरुस्त करावे असेही सांगता येते. जाणत्या इंजिनियरकडून घराची तपासणी करून घ्या. मात्र त्याने खरोखरच घर धोक्याचे ठरविले, तर हट्ट धरू नका. माणसाच्या जिवापेक्षा कोणतीही तुळई मोठी नाही. सगळीच जुनी घरे राखता येत नाहीत. जे राखता येत होते ते आळसाने गेले, एवढे आपल्या माथी येऊ नये.

मालकांना सांगतो, भाडेकरू हा घराचा वैरी नव्हे. तो राहतो म्हणून चूल पेटते, धुराने लाकडाला कीड लागत नाही, दारे उघडतात, हवा खेळते. रिकाम्या घरात वाळवी बिनभाड्याने राहते. दोघांनी मिळून खर्चाची वाटणी केली तर कोर्टाचे दार दिसावयाचे नाही. भिडेवाड्याचा धडा दोघांनाही आहे.

कोणी विचारील, दुरुस्त केलेल्या घराचे करावयाचे काय? आपल्या पेणेत याचे उत्तर शोधावयास लांब जावे लागत नाही. गणपतीच्या मूर्तींमुळे पेणचे नाव परदेशापर्यंत गेले. तो धंदा कोठे वाढला? पडव्यांत आणि माजघरांत. शाडूच्या कच्च्या मूर्तीला पाण्याचा थेंब म्हणजे घातच. तेव्हा ज्याच्या घरात कारखाना आहे त्याच्या दृष्टीने छपराची दुरुस्ती ही घराची हौस नसून धंद्याचे भांडवल आहे. मात्र माळ्यावर झेपेल तेवढाच माल ठेवा. ज्यांच्या घरात धंदा नाही त्यांनी ओटीवर वाचनालय काढावे, बाहेरगावच्या मुलींना शिकण्यासाठी राहावयास खोल्या द्याव्यात, खाणावळ चालवावी. ज्या ओटीवर एके काळी कोणाला चढू दिले नाही, त्याच ओटीवर सर्व जातींच्या मुलांनी बसून अभ्यास केला, तर घराची खरी शुद्धी झाली असे मी समजेन.

आपल्याच पेण तालुक्यात गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांचे घर लोकांनी जपले. लंडन शहरात किंग हेन्रीज रोडवर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली विद्यार्थी असताना राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. वस्तीच्या गल्लीत संग्रहालय नको, अशी हरकत तेथे निघाली. अखेर २०२० साली परवानगी मिळाली. म्हणजे मोठ्या माणसाच्या घराला सरकार, संस्था, पैसा असे सारे मिळू शकते. ते मिळावेच. परंतु कुंभार आळीतल्या कुंभाराच्या घराला सरकार येणार नाही. त्याला आपणच आहोत.

स्मारके करणारांनाही एक विनंती आहे. गंज पेठेत फुलेवाडा आणि सावित्रीबाईंचे स्मारक जोडून आवार मोठे करण्याची योजना पुढे आली, तेव्हा मधल्या वस्तीतील घरवाल्यांचा व भाडेकरूंचा प्रश्न उभा राहिला. आवार मोठे व्हावे, हे योग्यच. परंतु ज्या पुरुषाने आपल्या घरचे पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांस खुले केले, त्याच्या घराच्या शोभेसाठी एकही गरीब शेजारी बेघर होता कामा नये. आधी त्यांच्या हाती नव्या घराची किल्ली, मग जुन्या घराला पहार. हा नियम पुण्यास लागू आहे, तसाच पेण-रोह्यासही.

बंधुभगिनींनो, मी पुष्कळ बोललो. आता आपण करावयाचे ते थोडक्यात सांगतो. येत्या मृगापूर्वी प्रत्येक आळीतील दोन जाणती माणसे, एक सुतार आणि एक गवंडी यांनी मिळून आळीतील प्रत्येक जुने घर पाहावे. फुटकी कौले, कुजकी टोके, तुंबलेली गटारे यांची यादी करावी. ज्याचा मालक परगावी आहे त्याला पत्र घालावे. ज्या विधवेला कौले घेण्याची ऐपत नाही तिच्या घरावर आळीने कौले घालावीत. एका गणपतीच्या मांडवातील रोषणाई थोडी कमी केली तर एवढा खर्च सहज निघेल आणि देवाला राग येणार नाही. मुलांनी आपापल्या घराचा नकाशा काढावा, आजोबांना विचारून कोणती खोली कोणी बांधली ते लिहून ठेवावे. हे सारे करण्यास ना मंत्र्याची चिठ्ठी लागते, ना पुढाऱ्याची तारीख.

पाऊस येणारच आहे. तो मालकाची जात पाहत नाही, घराचे मोठेपण पाहत नाही; तो फक्त फुटके कौल पाहतो. त्याच्या आधी ते आपण पाहावे, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.